वेल झोपत नाही

इब्न बतूता दौलताबादला पोचला तेव्हा त्याला जायचं होतं चीनला. मुहम्मद तुघलकानं त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं होतं. १३४२ साली तो दिल्लीहून निघाला आणि वाटेत मराठवाड्याला त्याचे पाय लागले. दौलताबादचा किल्ला, तिथला बाजार, गाणारे-बजावणारे यांबद्दल लिहिता लिहिता तो एक छोटी गोष्ट नोंदवून जातो: इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात, आणि ती वर्षातून दोनदा येतात.

तो मोरोक्कोचा. द्राक्षं त्याला नवीन नव्हती. नवीन होतं ते 'दोनदा'.

या एका शब्दात आपल्याकडच्या द्राक्षबागेचं सगळं दुखणं आहे. थंड मुलखात हिवाळा आला की वेल पानं गाळते आणि झोपते. उन्हं वर आली की आपोआप जागी होते. आपल्याकडे तिला झोपवेल अशी थंडीच पडत नाही. ती वाढतच राहते. मग हिवाळ्याचं काम माणसाला कात्री घेऊन करावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळ्या काड्या खरडून काढायच्या. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडाची तयारी होते. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात फळछाटणी, म्हणजेच गोडी छाटणी. तिच्यानंतर साधारण १२० ते १४० दिवसांनी द्राक्षं. छाटण्या दोन, पीक एकच. इब्न बतूतानं ऐकलेला दुसरा बहार शेतकऱ्यांनी कधीच सोडून दिला, कारण पावसात पिकलेलं द्राक्ष आंबट राहतं आणि सडतं.

आता परभणीकडे येऊ. परभणी जिल्ह्यात द्राक्षबागा मोजक्याच, आणि खरं तर याचंच नवल वाटायला हवं. १९००च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड रेल्वे झाली. तिच्या एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्या टोकाकडे दौलताबाद आणि मध्ये परभणी. हैदराबादेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्दुल बाकर खान यांच्या बागेत 'अनाब-ए-शाही' हे मोठ्या मण्याचं, बियांचं द्राक्ष आलं आणि पुढे दख्खनभर गेलं. दौलताबादकडे 'हबशी'सारख्या जुन्या जाती होत्याच. दोन्हीकडे द्राक्ष, आणि मधल्या परभणीत कापूस अन् ज्वारी. निजामाच्या राज्यात परभणीला शेतीचं प्रयोगक्षेत्रही १९१८ सालीच निघालं होतं. पुढे १९७२ला इथे कृषी विद्यापीठ झालं. पण त्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलं ते 'परभणी क्रांती' भेंडीमुळे.

कारण पायाखाली होतं. गोदावरी-पूर्णेकाठची काळी, खोल, चिकण माती. कापसाला ती आईसारखी. द्राक्षाच्या मुळांना मात्र पाणी लागतं आणि साचलेलं पाणी चालत नाही. काळ्या रानात पावसाळाभर मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात क्षार वर येतात. यावरचा उपाय बराच उशिरा आला. टेक्सासच्या रानवेलीपासून आलेला 'डॉगरिज' हा खुंट जमिनीत लावायचा आणि त्याच्यावर आपल्या द्राक्षाची काडी भरायची. १९९०च्या दशकापासून महाराष्ट्रात ही पद्धत पसरली. पाया परका, वरचा मांडव आपला.

मधल्या काळात द्राक्षाचा इतिहास घडला तो नाशिक, सांगली आणि सोलापूरकडे. तो कसा घडला हे मला फार आवडतं. 'थॉमसन सीडलेस' ही बिनबियांची जात बाहेरून आली. तिच्यातून सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' निवडली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची 'सोनाका' शोधली. (माळढोकाचं अभयारण्य आहे तेच हे नान्नज.) यामागे संकर नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. कधीतरी एखाद्या वेलीच्या एखाद्या फांदीवर निसर्गतःच बदल होतो आणि तेवढ्या फांदीचे मणी निराळे निघतात. ते दिसायला रोज बागेत फिरणारा माणूस लागतो. दिसल्यावर ती काडी बाजूला काढून जपणारा लागतो. हजारो वेलींमधली एक फांदी वेगळी आहे हे कळण्यासाठी बाकीच्या सगळ्या फांद्या ओळखीच्या असाव्या लागतात.

बोर्डो मिश्रणाचीही गोष्ट अशीच. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्डोजवळचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू इतकाच, की निळसर घड बघून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते तोडून खाऊ नयेत. त्याच वेली डाऊनी रोगातून वाचल्या आहेत हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं. चोरांसाठी केलेलं औषध बुरशीला लागू पडलं. आपल्या बागांमध्ये आजही ते फवारलं जातं.

आज मराठवाड्यात ही रोजची फेरी बघायची तर परभणीच्या शेजारी, जालना जिल्ह्यातल्या कडवंचीला जावं. दुधना नदी जालन्याकडूनच परभणीच्या सेलूत उतरते, म्हणजे मुलूख एकच. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं गावात बांधबंदिस्ती झाली, पाणी मुरलं, आणि मागोमाग द्राक्षं आली. जमीन थोडी आणि घरातली माणसं हेच मनुष्यबळ.

काम किती असतं? ९ बाय ५ फुटांवर वेली लावल्या तर एकरात ९६८ बसतात. वेलीला ३० घड ठेवले तरी २९ हजार घड होतात. बिनबियांच्या मण्यात फुगवणारं संजीवक कमी तयार होतं, कारण ते करतात बिया. म्हणून प्रत्येक घड जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात बुडवायचा. मग घाला एका हातात, घड दुसऱ्या हातात, आणि मान मांडवाकडे वर. हे दोनदा-तीनदा. त्यात बारीक कात्रीनं मणी विरळायचे, बगलफुटी काढायच्या. ही कामं बहुतेक बायकांच्या हातची, आणि मजुरी द्यायची झाली तर खर्चातला मोठा वाटा तिथेच जातो. घरच्या बाईला ती मिळत नाही म्हणून छोट्या बागेचा हिशेब जमतो. बागेच्या यशोगाथांमध्ये ही ओळ सहसा नसते.

छाटणीनंतरच्या चाळीसेक दिवसांत, फुलोऱ्यापर्यंत, पाऊस किंवा धुकं आलं की डाऊनीची धास्ती. रात्री पाऊस, पहाटे फवारणी. पाहुणा आला तरी ब्लोअर थांबत नाही, लग्न असलं तरी घरातलं एक माणूस मागे राहतं. पुढे मणी गोड व्हायला लागले की गारांची भीती. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली ती नेमकी याच दिवसांत. चार महिने हातानं हाताळलेला घड काही मिनिटांत मातीत जातो आणि औषधांच्या दुकानातली उधारी तशीच राहते.

पाण्याचा प्रश्नही मिटलेला नाही. २०१२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात प्लास्टिकच्या कागदाची शेततळी भराभर वाढली. बाग त्यांनीच वाचते, हे खरं. पण पुष्कळ तळी पावसानं भरत नाहीत. विहिरी-बोअरचं पाणी उपसून त्यांत साठवलं जातं आणि उन्हात त्याची वाफ होते. ज्याच्याकडे तळं नाही त्याची विहीर आधी आटते. जे पाणी गावानं मिळून मुरवलं, ते शेवटी एकेकाच्या कुंपणात जातं.

परभणीत आज कुणी एकरभर द्राक्ष लावायचं ठरवलं तर खुंट मिळेल, ठिबक मिळेल, मोबाइलवर हवामानाचा अंदाजही मिळेल. बाकी त्याला आधी मोजावी लागतील ती घरातली माणसं. मार्चअखेर शेवटचा घड उतरतो, पेट्या जातात, हिशेब कागदावर उरतो. थोड्याच दिवसांत, बाहेर चाळीसच्या वर पारा असताना, कात्र्यांना धार लावायला काढतात. एप्रिल लागला की खरड छाटणी.