क्रूझचा प्रवास आणि लस-चाचणीचे बदलते नियम

नववर्षाच्या स्वागतासाठी मुंबईहून निघालेले ‘कॉर्डेलिया’ हे पर्यटक जहाज २०२२ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात, गोव्याच्या मुरगाव बंदराला लागले तेव्हा त्यावर सुमारे दोन हजार माणसे होती. एक कर्मचारी करोनाबाधित आढळल्यामुळे गोव्याच्या आरोग्य खात्याने सर्वांची चाचणी करण्याचा निर्णय घेतला. त्यात ६६ जण बाधित निघाले. जहाज प्रवाशांसह मुंबईला परतले आणि येथे पुन्हा झालेल्या चाचण्यांत आणखी शंभराहून अधिक जणांना संसर्ग झाल्याचे स्पष्ट झाले. गोव्याची सहल गोव्याच्या धक्क्यावरूनच परत फिरली.

हा प्रवास देशांतर्गत होता. तरीही जहाज निघाले ते बंदर, पोहोचले ते बंदर आणि दोन्हीकडची आरोग्य यंत्रणा यांचा संबंध त्यात आला. आंतरराष्ट्रीय क्रूझवर हा गुंता कितीतरी पटींनी वाढतो. जहाजाचा ध्वज एका देशाचा, कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या देशात, प्रवासी तिसऱ्या देशातले आणि वाटेतली बंदरे आणखी चार देशांची, अशी स्थिती नेहमीचीच. त्यातले प्रत्येक सरकार आपल्या किनाऱ्यापुरता नियम करू शकते आणि कंपनी आपल्या तिकिटाच्या करारात आणखी एक अट घालू शकते. व्यवहारात या सगळ्यांत जो नियम सर्वांत कडक, तोच प्रवाशाला लागू होतो. २०२० ते २०२३ या काळात हे नियम ज्या वेगाने बदलले, त्याचे मूळ या रचनेत आहे.

जहाजातून येणाऱ्या रोगाची धास्ती मात्र जुनी. आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्निक, म्हणजे त्या वेळचे रागुसा, या बंदराने १३७७ मध्ये साथीच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे हा अवधी चाळीस दिवसांचा झाला आणि इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार देशादेशांतील व्यवहार चालतो. २००५ ची ही नियमावली जून २००७ मध्ये अमलात आली. प्रवेशासाठी लसीचा दाखला मागता येईल असा एकच रोग तिने नावानिशी नोंदवलेला आहे, तो म्हणजे पीतज्वर. करोनापूर्वी क्रूझच्या प्रवाशाला लसीची आठवण व्हायची ती, झालीच तर, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात.

योकोहामा ते सिडनी

‘डायमंड प्रिन्सेस’ने हे चित्र पालटले. हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला संसर्ग झाल्याचे १ फेब्रुवारी २०२० रोजी निष्पन्न झाले आणि जपानने योकोहामा येथे हे जहाज रोखले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी ७१२ जण बाधित झाले. १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. प्रवाशांना केबिनमध्ये थांबण्याचा आदेश होता, पण त्यांना जेवण पोहोचवणारे कर्मचारी कामावर होते आणि रात्री दाटीवाटीच्या खोल्यांत एकत्र झोपत होते. विलगीकरण म्हणून योजलेला उपाय निम्म्या जहाजापुरताच लागू होता, ही गोष्ट पुढच्या सर्व नियमांच्या मुळाशी आहे.

त्याच महिन्यात ‘वेस्टरडॅम’ या जहाजाला अनेक बंदरांनी नकार दिला आणि अखेर कंबोडियाने आसरा दिला. उलट १९ मार्च २०२० रोजी सिडनीत ‘रुबी प्रिन्सेस’च्या सुमारे २,७०० प्रवाशांना चाचण्यांचे निकाल हाती येण्याआधीच उतरू दिले गेले. या जहाजाशी संबंधित २८ मृत्यू नोंदले गेले आणि न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य विभागाकडून गंभीर चुका झाल्याचा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. दार बंद ठेवले तर आतली माणसे आजारी पडतात आणि उघडले तर शहर, अशा पेचात बंदरांचे अधिकारी सापडले होते.

अमेरिकेतील आदेश आणि फ्लोरिडाचा खटला

जगातील सर्वांत मोठी क्रूझ बाजारपेठ अमेरिकेची. तेथील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजेच सीडीसीने, १४ मार्च २०२० रोजी जहाजांना प्रवासी घेण्यास मनाई केली. वारंवार मुदतवाढ मिळालेल्या या आदेशाची जागा ३० ऑक्टोबर २०२० रोजी सशर्त परवानगीच्या आराखड्याने घेतली. जहाजावर प्रयोगशाळा हवी, कर्मचाऱ्यांच्या नियमित चाचण्या हव्यात, बाधितांना उतरवून ठेवण्यासाठी बंदराशी करार हवा आणि स्वयंसेवक प्रवासी घेऊन चाचणी सफर करून दाखवायला हवी, अशा त्याच्या अटी होत्या. लस तेव्हा उपलब्धच नव्हती. ती आल्यावर २०२१ च्या वसंतात सीडीसीने एक सवलत दिली. ९८ टक्के कर्मचारी आणि ९५ टक्के प्रवासी पूर्ण लसीकरण झालेले असतील तर चाचणी सफरीची गरज नाही. पूर्ण लसीकरण याचा अर्थ शेवटच्या मात्रेनंतर चौदा दिवस उलटलेले असणे. अनेकांनी हा पंधरवडा हिशेबात धरला नाही आणि त्यांची सफर हुकली.

सवलत कंपन्यांना सोयीची होती, फ्लोरिडा राज्याला मात्र नव्हती. मायामी आणि फोर्ट लॉडरडेल ही क्रूझची मोठी बंदरे याच राज्यात आहेत. राज्याने सीडीसीविरुद्ध दावा दाखल केला आणि मे २०२१ मध्ये स्वतःचा कायदाही केला. ग्राहकाकडे लसीचा दाखला मागणाऱ्या व्यवसायाला प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद त्यात होती. म्हणजे एका सरकारची सवलत मिळवायची तर दाखला तपासा आणि दुसऱ्याचा दंड टाळायचा तर तपासू नका! जूनमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने फ्लोरिडाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. वरिष्ठ न्यायालयाने १७ जुलै रोजी त्याला स्थगिती दिली आणि अवघ्या सहा दिवसांत ती मागेही घेतली. त्यामुळे फ्लोरिडापुरते सीडीसीचे नियम केवळ मार्गदर्शक ठरले. ऑगस्टमध्ये ‘नॉर्वेजियन’ कंपनीने राज्याच्या कायद्याविरुद्ध अंतरिम दिलासा मिळवला. वरिष्ठ न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. तोवर कंपनीने लसीची अट स्वतःच सोडून दिली होती.

या काळात दुसऱ्या काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला. दाखला ‘मागायचा’ नाही. पण जो प्रवासी तो दाखवणार नाही, त्याला लस न घेतलेला समजून जादा चाचण्या, वेगळे नियम आणि विम्याची सक्ती लावायची. कायद्याचे शब्द पाळून त्याचा हेतू बाजूला सारण्याचा हा नमुना होता.

त्यातच बंदरांचे देश होते. बहामाने ३ सप्टेंबर २०२१ पासून बारा वर्षांवरील सर्व प्रवाशांचे लसीकरण झाले असेल तरच जहाजाला प्रवेश मिळेल असा नियम केला. कॅरिबियन सफरींत बहामा वगळणे अवघड. परिणामी फ्लोरिडाच्या न्यायालयात जिंकलेला मुद्दा बहामाच्या धक्क्यावर निष्प्रभ ठरला. उन्हाळ्यात तिकीट काढलेल्या कुटुंबाला शरद ऋतूत निघताना वेगळाच नियम लागू झाल्याचे आढळले, यात नवल नव्हते.

चाचणीची मर्यादा

चाचणीचा निकाल नमुना घेतला त्या क्षणापुरता असतो. संसर्ग झाल्यानंतर विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढायला काही दिवस लागतात, त्यामुळे परवा घेतलेल्या नमुन्याचा निकाल आज जहाजावर चढणाऱ्या माणसाबद्दल पुरेशी हमी देत नाही. प्रवासापूर्वी तीन दिवसांची मुदत दोन दिवसांवर आणण्यामागे आणि पुढे धक्क्यावरच अँटिजेन चाचणी करण्यामागे हेच कारण होते. आरटी-पीसीआर अधिक सूक्ष्म, पण वेळ घेणारी. अँटिजेन झटपट, पण सुरुवातीचा संसर्ग निसटू देणारी. बरा झालेला माणूस पुढे कित्येक आठवडे आरटी-पीसीआरमध्ये बाधित दिसू शकतो, म्हणून काही ठिकाणी त्याला डॉक्टरचे बरे झाल्याचे पत्र चालत असे.

चाचणी उलट्या बाजूनेही चुकते. सिंगापूरने २०२० च्या अखेरीस कोणत्याही बंदराला न लागता परत येणाऱ्या सफरी सुरू केल्या होत्या. निम्मेच प्रवासी आणि चढण्यापूर्वी चाचणी, अशी व्यवस्था होती. डिसेंबरमध्ये ‘क्वांटम ऑफ द सीज’वरील ८३ वर्षांचे एक प्रवासी जहाजावरच्या चाचणीत बाधित ठरले. जहाज माघारी वळले, सुमारे १,७०० प्रवासी केबिनमध्ये अडकले. किनाऱ्यावरील राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्याच नमुन्याची आणि नव्या नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा संसर्ग नसल्याचे दिसून आले. प्रवाशांची सफर तोवर आटोपली होती.

कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन आणि दर्यावर्दी

भारतीयांपुढे प्रश्न लस घेतली की नाही एवढाच नव्हता; कोणती घेतली, हाही होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन यादीत फेब्रुवारी २०२१ मध्येच आली होती. तरी जुलैमध्ये युरोपीय संघाचा डिजिटल दाखला सुरू झाला तेव्हा युरोपीय औषध संस्थेची मान्यता या नावाला नसल्याने प्रत्येक देशाच्या स्वतंत्र मान्यतेची वाट पाहावी लागली. ब्रिटनमध्ये शिरणाऱ्या, कोविशिल्ड घेतलेल्या भारतीयांना ऑक्टोबर २०२१ मध्ये विलगीकरण लागू झाले. भारताने ब्रिटिश नागरिकांना तोच नियम लावल्यावर काही दिवसांत ते मागे घेण्यात आले. कोव्हॅक्सिनला संघटनेच्या यादीत स्थान मिळाले ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. विमानाने येणाऱ्या परदेशी प्रवाशांवर अमेरिकेने लसीची अट घातली ती ८ नोव्हेंबरपासून. पाच दिवसांच्या या फरकाने कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचा अमेरिकेचा, आणि तेथून निघणाऱ्या क्रूझचा, मार्ग मोकळा राहिला.

पर्यटकाची सुटी वाया गेली तर चुटपुट लागते. जहाजावर काम करणाऱ्याची नोकरीच जाते. गोवा, कोकण आणि मुंबईतील अनेक घरांचा चरितार्थ क्रूझवरील नोकरीवर चालतो. २०२० च्या टाळेबंदीत भारतीय कर्मचारी आपल्याच किनाऱ्यासमोर जहाजावर अडकून पडले होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २१ एप्रिल रोजी खलाशांना उतरण्या-चढण्यासंबंधी कार्यपद्धती जाहीर केली, त्यानंतर दोनच दिवसांत ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईत उतरू शकले.

पुढच्या वर्षी अडचण लसीने आणली. मे २०२१ मध्ये कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. कंपनीचे बोलावणे आलेले, पण दुसरी मात्रा तीन महिन्यांनी, अशा कात्रीत हे कर्मचारी सापडले. केंद्राने ७ जून रोजी परदेशी शिक्षण वा नोकरीसाठी जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिम्पिकच्या पथकाला २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली. दाखल्यावर पारपत्राचा क्रमांक घालण्याचीही त्यात सोय होती. पर्यटनासाठी जाणाऱ्याला ही सवलत नव्हती, आणि ते योग्यच होते.

शिथिलता आणि उरलेले नियम

२०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉनने लसीकरण झालेल्यांनाही गाठले. लसीने गंभीर आजार टळत होता, लागण थांबत नव्हती. ९५ टक्क्यांचा आकडा संसर्गरहित जहाजाची खात्री देईनासा झाला. ३० डिसेंबर रोजी सीडीसीने लस घेतलेल्यांनीही क्रूझ टाळावी असा सल्ला दिला. गंमत अशी, की त्यानंतर जेमतेम पंधरवड्यात, १५ जानेवारी २०२२ रोजी, तिच्या सशर्त आदेशाची मुदत संपली आणि कार्यक्रम ऐच्छिक झाला. १८ जुलै २०२२ रोजी तोही बंद झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बड्या कंपन्यांनी बहुतेक मार्गांवरील लसीची अट आणि प्रवासापूर्वीची चाचणी सोडून दिली. नोव्हेंबरमध्ये ‘मॅजेस्टिक प्रिन्सेस’ सुमारे ८०० बाधितांसह सिडनीला आली तेव्हा जहाज रोखले गेले नाही. बाधितांना वेगळे उतरवून बाकीच्यांना घरी सोडण्यात आले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि अमेरिकेनेही परदेशी विमान प्रवाशांवरील लसीची अट उठवली.

पीतज्वराचा नियम या सगळ्या उलथापालथीत जागचा हलला नाही. भारतात या रोगाचा विषाणू नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे; म्हणूनच आपला देश याबाबत कडक आहे. जोखमीच्या देशातून वैध दाखल्याविना आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. क्रूझच्या प्रवाशाने लक्षात घ्यायचे ते असे, की ब्राझील किंवा पश्चिम आफ्रिकेतील एखाद्या बंदराला जहाज एक दिवस लागले तरी परतीच्या वेळी हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, दाखला दहा दिवसांनंतर वैध होतो आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. साठी ओलांडलेल्यांना या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता अधिक असल्याने डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा लागतो. वैद्यकीय कारणास्तव सूट देणारे प्रमाणपत्र नियमावलीत आहे. ते स्वीकारायचे की नाही, हे मात्र त्या त्या बंदराच्या अधिकाऱ्याच्या हाती असते.