बावीस वर्षांनी सुटलेला नॉर्मन

१९८६-८७च्या सुमारास आमच्या गावात एस.टी. स्टँडमागे एक व्हिडिओ पार्लर होतं. पत्र्याचं शेड, खाली ताडपत्री, समोर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. तिकीट दोन रुपये. इंग्रजी पिक्चर असला की कॉलेजात शिकणारा एक भाईजान पुढं बसायचा आणि मोठ्यानं अर्थ सांगायचा. तिथंच मी ‘सायको २’ पाहिला. पहिला ‘सायको’ आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. भाईजाननं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, “ये आदमी पहले बहुत खून कर चुका है, अब छूट के आया है.” आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

पिक्चरमध्ये एक साधा प्रसंग आहे. घरी आलेल्या मुलीला नॉर्मन सँडविच करून देतो. ते कापायला सुरी लागते. त्याचा हात अडखळतो, जीभही अडखळते. शेडमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. आता मारणार! आणि काहीच होत नाही. सुरी सँडविचवरच चालते. शेडमधून एकदम नाराजीचा आवाज उठला. कुणी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, “पैसे वापस!” त्या आवाजात माझाही आवाज होता. तो मला पुढं बरीच वर्षं का छळत राहिला, ते शेवटी सांगतो. आधी या पिक्चरचा इतिहास.

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ १९६० साली आला. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९च्या कादंबरीवर बेतलेला. आडरस्त्यावरचं मोटेल, ते चालवणारा लाजाळू तरुण नॉर्मन बेट्स, आणि न्हाणीघरातला तो खून. शेवटी कळतं की मेलेल्या आईचे कपडे घालून नॉर्मनच माणसं मारत होता. सुरा घेऊन एकामागून एक बळी घेणाऱ्या खुन्याचे जे सिनेमे पुढं ‘स्लॅशर’ म्हणून ओळखले गेले, त्यांच्या मुळाशी हा सिनेमा होता. १९७८च्या ‘हॅलोविन’ची नायिका जेमी ली कर्टिस ही ‘सायको’त न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट लीची मुलगी. १९८०ला ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला, १९८१ला दोघांचेही दुसरे भाग आले. मुखवटा घातलेला खुनी, तरुण पोरंपोरी, आणि दर पंधरा मिनिटांनी एक प्रेत, असा धंदा ठरून गेला.

हिचकॉक १९८० साली वारला. त्यानंतर युनिव्हर्सल स्टुडिओनं ‘सायको’चा पुढचा भाग काढायचं ठरवलं. ब्लॉकनं स्वतः १९८२ला ‘सायको २’ नावाची कादंबरी लिहिली होती. तिच्यात या रक्तबंबाळ सिनेमांवरच कोरडे ओढलेले होते. स्टुडिओनं ती कथा घेतली नाही. टॉम हॉलंडनं वेगळी पटकथा लिहिली आणि रिचर्ड फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानं सिनेमा केला. नॉर्मनच्या भूमिकेत पुन्हा अँथनी पर्किन्स. पहिल्या भागात मारली गेलेली मॅरिअन, तिची बहीण लायला, त्या भूमिकेत पुन्हा व्हेरा माइल्स.

गोष्ट अशी. बावीस वर्षांच्या उपचारांनंतर कोर्ट नॉर्मनला बरा झाला म्हणून सोडतं. लायला सह्यांचं निवेदन घेऊन कोर्टात विरोध करते. कोर्ट ऐकत नाही. नॉर्मन जुन्या घरी येतो, एका खानावळीत काम धरतो, नीट वागायचा प्रयत्न करतो. मग आईच्या नावानं चिठ्ठ्या येऊ लागतात, फोन येऊ लागतात. खिडकीत आईची सावली दिसते. नॉर्मनला वाटतं आपल्याला पुन्हा वेड लागतंय. खरं तर हे सगळं लायला आणि तिची मुलगी मेरी करत असतात. नॉर्मन पुन्हा बिघडावा आणि त्याला परत आत टाकता यावं, एवढ्यासाठी. मधल्या काळात खूनही पडतात, पण ते तिसऱ्याच बाईनं केलेले असतात. अख्ख्या पिक्चरमध्ये नॉर्मन एकच खून करतो, तोही शेवटच्या काही मिनिटांत, सगळ्यांनी मिळून त्याचं डोकं पुरतं फिरवल्यावर.

लायलाला नुसती खलनायिका म्हणून सोडून देता येत नाही. तिची सख्खी बहीण मारली गेली आहे. कोर्टात ती विचारते तो प्रश्न कुठल्याही पीडित घराचा असतो: आमचं माणूस परत येणार नाही, मग याला का परत पाठवता? तिचं दुःख खरं आहे. पण त्या दुःखातून ती जे करते त्यानं एक बरा होत आलेला माणूस पुन्हा खुनी होतो, आणि तिचा स्वतःचा व मुलीचा जीव जातो.

आता हा सिनेमा कधी आला ते पाहा. ३० मार्च १९८१ला वॉशिंग्टनमध्ये जॉन हिंकली नावाच्या तरुणानं राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. रेगन वाचले. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली, ते कायमचे अपंग झाले. २१ जून १९८२ला ज्यूरीनं निकाल दिला: मानसिक आजारामुळे हिंकली दोषी नाही. त्याला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. काही राज्यांनी वेडेपणाचा हा बचावच कायद्यातून काढून टाकला. १९८४ला केंद्रीय कायदा बदलला आणि आरोपी मनोरुग्ण होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकला. ‘सायको २’ जून १९८३ला, म्हणजे त्या निकालानंतर वर्षभरात थिएटरात लागला. ‘वेडा म्हणून सुटला’ हे शब्द लोकांच्या तोंडी ताजे असताना, वेडा म्हणून सुटलेल्या माणसाची बाजू घेणारा सिनेमा!

प्रेक्षक मात्र आले. सुमारे पन्नास लाख डॉलरमध्ये झालेल्या या पिक्चरनं अमेरिकेत साडेतीन कोटींच्या आसपास धंदा केला. समीक्षकांची मतं विभागली. हिचकॉकच्या सिनेमाला हात लावलाच का, असं काहींना वाटलं, तर पर्किन्सचं काम अनेकांना आवडलं. पुढच्या काळात या पिक्चरचा मान वाढतच गेला.

पण प्रेक्षक नॉर्मनला बरा झालेला पाहायला आले होते का? मला तसं वाटत नाही. लायलाला जे हवं होतं तेच तिकीट काढणाऱ्यालाही हवं होतं: नॉर्मनच्या हातात पुन्हा सुरा. लायला निवेदन घेऊन आली, आपण पैसे घेऊन आलो, एवढाच फरक. सिनेमावालेही साधू नव्हते. ज्या भुकेला नावं ठेवली तीच शेवटी भागवून त्यांनी नॉर्मनला पुढच्या भागासाठी मोकळं ठेवलं. शेवटी त्या म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात फावडं बसलं तेव्हा आमच्या शेडमध्ये टाळ्या पडल्या. पैसे वसूल झाले होते. १९८६ला पर्किन्सनंच दिग्दर्शित केलेल्या ‘सायको ३’मध्ये नॉर्मन पुन्हा पूर्ण खुनी झाला. त्याचा धंदा मात्र दुसऱ्या भागाच्या निम्म्यानंही झाला नाही.

खऱ्या आयुष्यातला दुसरा भाग फार उशिरा आला. ब्रॅडी २०१४ला वारले. त्या जुन्या गोळीमुळेच मृत्यू झाला, असं तपासणीत ठरलं. २०१६ला हिंकलीला आईच्या घरी राहायची परवानगी मिळाली आणि २०२२ला कोर्टानं त्याला पूर्ण मोकळं केलं. त्यानं गाण्याचा कार्यक्रम ठरवला, तिकिटंही खपली, पण विरोध झाल्यावर ब्रुकलिनच्या त्या जागेनं तो रद्द केला. यात कोण चुकलं हे मी इथं बसून सांगू शकत नाही. ब्रॅडींच्या घरच्यांना काय वाटत असेल, याची कल्पना करून मी गप्प होतो.

पण आमच्या मोहल्ल्यातल्या चाचांबद्दल मी बोलू शकतो. मशिदीच्या गल्लीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वर्षभर येरवड्याच्या मनोरुग्णालयात राहून ते परत आले होते. त्यांनी कधी कुणाला बोटही लावलं नव्हतं. नॉर्मनशी त्यांची काडीची तुलना होत नाही. तरी त्यांच्या हातात पाना दिसला की आम्ही पोरं मागं सरकायचो, आणि एक जण ओरडायचा, “भागो, चाचा को झटका आया!” कधी कधी तो ओरडणारा मीच असायचो. मोठी माणसं हसायची. कुणी कुणाला दटावल्याचं मला आठवत नाही.

एकदा माझ्या सायकलचं पंक्चर काढून झाल्यावर त्यांनी पाना हळूच खाली ठेवला, माझ्यापासून लांब सरकवला आणि म्हणाले, “बेटा, पंचर निकल गया, ले जा.” मी सायकल घेऊन आलो. खरं सांगायचं तर तेव्हा मला थोडी निराशाच वाटली होती. व्हिडिओ पार्लरमधली तीच निराशा. काहीतरी होईल म्हणून मी उभा होतो, आणि काहीच झालं नव्हतं.

वर्षभरात गिऱ्हाईक तुटलं. चाचांनी दुकान बंद केलं आणि ते बहिणीच्या गावी निघून गेले. आम्ही कुठल्या निवेदनावर सह्या केल्या नव्हत्या. आमच्या नजराच पुरल्या.