आयत्या बिळावर नागोबा

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सातलाच भाचीचा व्हिडिओ कॉल. ती डॅलसला असते. "मामा, माझा साप तीन आठवडे काही खात नाहीये." मी अजून पहिला चहाही घेतला नव्हता. तिने बॉल पायथन पाळलाय हे मला माहीत होतं, ताईला अजून माहीत नाही (त्यामुळे हे इथेच राहू द्या). कॅमेरा फिरवून तिने टाकी दाखवली. चार फूट काच, खाली पांढरी वाळू, एक सुंदर फांदी, वर एलईडी. एखाद्या ज्वेलरचं शोकेसच जणू. आणि एका कोपऱ्यात वेटोळं घालून, डोकं आत खुपसून बसलेला तो.

"याला लपायला जागा कुठंय?" मी विचारलं.

"लपला तर दिसणार कसा, मामा?"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ऐकलेलं कसलं, म्हटलेलं होतं. १९९३ च्या मे महिन्यात, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात.

तेव्हा मी नऊ वर्षांचा. आमचा वाडा म्हणजे दगडी जोतं, वर लाकडी सांगाडा, मातीत रचलेल्या विटा, जिन्याखाली अंधार आणि मोरीशेजारी सरपणाचा ढीग. पानशेतच्या पुरात, म्हणजे १२ जुलै १९६१ ला, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे बसले, आमचा अर्धा उरला. त्या उरलेल्या अर्ध्यात माणसांइतकीच उंदीर, पाली आणि चिचुंद्र्यांची बिऱ्हाडं होती. आणि त्यांच्या मागे येणारे साप. त्या मे महिन्यात मोरीत निघाला तो कवड्या. बिनविषारी, रात्री फिरणारा, पालींवर जगणारा, घरात सापडणाऱ्या सापांपैकी अगदी नेहमीचा. मावसभावाने तो बरणीत धरला आणि आम्ही माशांच्या रिकाम्या टाकीत ठेवला. वर जाळी, जाळीवर विटा. वाटीत दूध. (साप दूध पितो हे आम्हाला सिनेमाने शिकवलं होतं. तो पीत नाही.)

तो रात्रभर काचेच्या सांध्यात नाक घालायचा. चौथ्या दिवशी नाकावर रक्त दिसलं. माझी आजी बत्तीस शिराळ्याकडची. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "अरे, उघड्यावर कोण झोपतं? मडकं दे त्याला." तिने कोनाड्यातलं फुटक्या काठाचं छोटं मडकं आडवं घातलं. तासाभरात साप आत. नाक घासणं बंद.

आजीला हे कुठून माहीत? शिराळ्यातून. सांगली जिल्ह्यातलं हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध. गोरक्षनाथांच्या कथेशी जोडलेली परंपरा. अंबामातेचा कौल घ्यायचा, रानातून नाग पकडायचे, पंचमीपर्यंत घरी मडक्यात ठेवायचे, पूजा आणि मिरवणूक झाली की परत सोडायचे. या प्रथेत नागाचे हाल होत नव्हते असं अजिबात नाही. वाजतगाजत, हजारोंच्या गर्दीत नागाला फणा काढायला लावणं हा त्याच्यासाठी छळच. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, २००२ नंतर जिवंत नागांवर बंधनं आली आणि पुढे लोक प्रतिमेची पूजा करू लागले. २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला परवानगी दिली, तेव्हा वाद पुन्हा उफाळला. पण मडकं हा त्यातला वेगळा भाग. अंधार, गारवा, एकच तोंड, अंगाला चहूबाजूंनी टेकणारी भिंत. कुणी पुस्तक वाचून नाही, पिढ्यान्‌पिढ्या बघून ठरवलेलं डिझाइन.

तेच डिझाइन तमिळनाडूत सापडतं. इरुला हे सापांचे पारंपरिक जाणकार. सापाच्या कातड्याची निर्यात १९७६ मध्ये बंद झाली आणि त्यांचा धंदा बसला. मग रोम्युलस व्हिटेकरच्या पुढाकाराने १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था झाली. ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून सर्पदंशावरच्या औषधासाठी विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. मधल्या काळात साप कुठे? मातीच्या मडक्यात, तोंडाला फडकं बांधून.

आता उलटी बाजू बघा. जगातलं पहिलं सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर लंडनच्या झूमध्ये १८४९ मध्ये उघडलं. काचेच्या पेट्या, समोर तिकीट काढून आलेले लोक. पेटी बनली ती बघणाऱ्यासाठी, राहणाऱ्यासाठी नव्हे. (१८५२ मध्ये तिथल्या गर्लिंग नावाच्या रखवालदाराने दारूच्या नशेत नाग बाहेर काढला आणि जीव गमावला. काच असली म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही.) प्राण्याच्या बाजूने विचार करणारा हायनी हेडिगर हा स्विस प्राणिशास्त्रज्ञ यायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९४२ च्या त्याच्या पुस्तकाचा गाभा सोपा आहे. रानातल्या प्राण्याला सगळ्यात आधी काय लागतं, तर धोक्यापासून दूर जाता येणं. पिंजऱ्यात दूर जाता येत नाही, म्हणून निदान नजरेआड होता आलं पाहिजे.

आपल्या पुण्यातही एकदा काचेची पेटी गाजली होती. जानेवारी १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही, त्याला घाबरवलं तरच चावतो, हे त्यांना दाखवायचं होतं. अंगावर चढलेले साप ते शांतपणे उचलून बाजूला ठेवत. आज मला त्यातली एक वेगळीच गोष्ट जाणवते. त्या मोकळ्या खोलीत सापांना टेकायला, आडोसा घ्यायला होतं तरी काय? एक खुर्ची आणि एक माणूस! १९८६ मध्ये महापालिकेच्या मदतीने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं त्यामागे खैरेच होते. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे गेलो तेव्हा एकच तक्रार करत होतो, "साप दिसतच नाहीये!" दिसत नव्हता, कारण तो दगडाखाली होता. म्हणजे ठीक होता.

आता थोडं इंजिनिअरिंग. साप थंड रक्ताचा, अंगातली उष्णता बाहेरून घेतो. म्हणून टाकीची एक बाजू उबदार आणि एक गार ठेवतात. आता एकच लपण ठेवलं आणि ते गार बाजूला असलं तर? सापाला निवडावं लागतं, ऊब की सुरक्षितता. बहुतेकदा तो सुरक्षितता निवडतो, गार पडतो, अन्न पचत नाही, मग खातच नाही. आपण म्हणतो, "आजारी दिसतोय." अहो, तो डेडलॉकमध्ये अडकलाय! उपाय एका ओळीचा, लपण दोन ठेवायची. दोन्ही सारखी, म्हणजे निवड फक्त तापमानाची उरते. आकार किती? वेटोळं घातलेला साप जेमतेम मावेल आणि त्याचं अंग भिंतींना टेकेल इतकाच. आपल्याला थ्री बीएचके आवडतो म्हणून त्यालाही मोठं घर दिलं, तर ते त्याच्यासाठी मैदानच. कात टाकायच्या वेळी एखाद्या लपणात ओलसर शेवाळ. बस्स.

आणि ही कल्पना आपल्या भाषेत किती जुनी आहे बघा. आयत्या बिळावर नागोबा. आपण ही म्हण फुकट्या माणसाला लावतो. पण निसर्गाच्या दृष्टीने ती सरळ निरीक्षण आहे. बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत. उंदराचं बीळ, वारूळ, झाडाची ढोली, वाड्याच्या भिंतीतली फट, जे तयार मिळेल ते घेतात. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथनही उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांतच राहतो. म्हणजे साप पाळणाऱ्याचं पहिलं काम काय, तर आयतं बीळ पुरवणं.

भारतातला कुठलाही साप पकडून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. १९९३ मध्येही होता. आम्हाला माहीत नव्हतं, ही सबब नाही. परदेशी प्रजातींसाठी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम आहेत. घरात साप निघाला तर सर्पमित्राला बोलवा, बरणी शोधू नका.

तर त्या कवड्याचं पुढे काय झालं. मडकं ठेवल्यावर तो दिसेना. गल्लीतली पोरं बघायला यायची, "कुठंय?" म्हणायची आणि हिरमुसून जायची. दोन दिवसांनी मी मडकं काढून टाकलं. आजी तेव्हा देवळात गेली होती. मावसभाऊ नाही, मी. त्यानंतर साप पाच दिवस जगला. आजीने मला काही बोल लावला नाही. मडकं धुतलं आणि कोनाड्यात परत ठेवलं. २००६ मध्ये वाडा पाडला, तिथे आता पाच मजले आणि खाली पार्किंग. एकही फट नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, आणि आधी डॉक्टरला दाखव असंही. डॉक्टरने तपासून आजार नाही म्हणून सांगितलं. मग तिने दोन लपणं आणली. दहा दिवसांनी मेसेज आला, "मामा, खाल्लं! पण आता दिवसभर दिसतच नाही तो."

मी लिहिलं, "दिसत नाही ना? मग बरा आहे."

असो. सोमवारी रिलीज आहे, थांबतो.