किल्ल्यावर न पोचलेला हेटकरी

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना घाटावरची मुलं ‘चित्रं’ म्हणतात. सिंहासनावर महाराज, दाराशी भालदार-चोपदार, तुतारीवाला, तोफ आणि बुरुजाबुरुजावर मावळे. शिवाय गवळण, भाजीवाली, गुहेतला वाघ, आणि मधूनच खाकी कपड्यांतला रायफलवाला जवान. तीनशे वर्षांची ही सरमिसळ कुणाला खटकत नाही. तळकोकणात दिवाळी म्हणजे आधी नरकासुर आणि पोहे, किल्ला त्यानंतर. पण सावंतवाडी-मालवणच्या अंगणांतही किल्ले होतात, आणि त्यांवर उभे राहतात ते हेच घाटावरचे मावळे. मालवणात तर समोर भर समुद्रात सिंधुदुर्ग उभा असताना!

जुनी चित्रं जपणारे, मोडलेला हात जोडणारे, उडालेला रंग पुन्हा देणारे काही हौशी असतात. हात जोडणं सोपं आहे, अडतं ते रंगापाशी. मावळ्याचा अंगरखा नेमका कुठल्या रंगाचा?

शिशाचे शिपाई दुरुस्त करणाऱ्या युरोपातल्या हौशी माणसाला हा प्रश्न पडत नाही. तशी शिपायाची छोटी प्रतिकृती फार जुनी. इजिप्तमध्ये असियूतच्या मेसेहतीच्या थडग्यात 40 भालाईत आणि 40 नुबियन तिरंदाज लाकडात कोरून, रंगवून ठेवले होते. त्यांना चार हजार वर्षं होत आली. पण आजचा छंद जन्मला तो न्यूरेंबर्गला. तिथे अठराव्या शतकात हिल्पर्ट नावाच्या कारागिराने फ्रेडरिक द ग्रेटचे सैनिक कथलात ओतले, चपटे, पत्र्यासारखे. पुढे 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटनने आतून पोकळ शिशाचा शिपाई काढला. तो हलका आणि स्वस्त निघाला, आणि त्याच्या पेट्यांतून हिंदुस्थानी रिसाल्याचे स्वारही विलायती मुलांच्या हाती गेले. या सगळ्यांच्या मागे गणवेशाची फौज होती. कुठल्या पलटणीची कॉलर पिवळी, कुठलीची निळी, हे सरकारी कागदावर लिहिलेलं. रंग उडाला तर पुस्तक उघडायचं आणि तोच रंग द्यायचा.

शिवकाळातल्या पायदळाला असा गणवेश नव्हता. साताऱ्यात रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात या शिपायांचं वर्णन दिलं आहे. अर्ध्या मांडीपर्यंतची आखूड चड्डी, कमरेला घट्ट आवळलेला लांबलचक पट्टा, डोक्याला पागोटं, जमलं तर सुती अंगरखा. कमरेचं एक वस्त्र वेळ पडली की शालीसारखं पांघरायचं. हत्यार ज्याचं त्याने आणायचं, दारूगोळा सरकारचा. आता हे वाचून आपल्या मातीच्या मावळ्याकडे पाहा. घोट्यापर्यंत सुरवार, गुडघ्यापर्यंत घेर, केशरी किंवा हिरवा झगझगीत रंग. हा मावळा रणांगणातून आलेला नाही. माझ्या मते तो आला नाटकाच्या पेटाऱ्यातून, कॅलेंडरांवरून आणि भालजी पेंढारकरांच्या 1952 च्या ‘छत्रपती शिवाजी’सारख्या चित्रपटांतून. ही काही तक्रार नाही. खेळण्याचीही परंपरा असते, आणि तिचा रंग हाही एक पुरावाच आहे.

तक्रार आहे ती दुसरीच. डफ दोन प्रकारचं पायदळ सांगतो: घाटमाथ्याचे मावळे आणि कोकणातले हेटकरी. तलवार उपसून तुटून पडावं मावळ्यांनी. नेमबाजीत हेटकऱ्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दर दहा माणसांत एकाकडे बंदुकीऐवजी तिरकमठा असे, कारण रात्रीच्या छाप्यात बंदुकीचा आवाज घात करतो. आणि सावंतवाडीच्या पायदळाबद्दल तर तो खास नोंद करतो की, त्यांच्यात चकमकीची बंदूक वापरात होती आणि तिची गारगोटीची कळ पोर्तुगीजांकडून लवकरच हाती आली होती. गोवा इतकं जवळ असल्यावर नवल काय! म्हणजे हत्यारांच्या बाबतीत आपल्या परिसरात जो शिपाई काळाच्या पुढे होता, तोच दिवाळीच्या किल्ल्यावर नाही. बाजारातल्या मावळ्याच्या हाती ढाल-तलवार नाहीतर भाला. बंदूक मिळते ती खाकी जवानाला.

तीच गत आरमाराची. 1679 मध्ये खांदेरीला इंग्रज आणि सिद्दी यांच्याशी झुंजणाऱ्या, महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्याच्या माणसांची चित्रं साच्यात कुणी ओतलेली मला माहीत नाहीत. किनाऱ्याला स्वतःची प्रतिमा नव्हती असं मात्र नाही. सिंधुदुर्गात राजाराम महाराजांच्या काळी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरातली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे आणि तिचा वेश नावाड्याचा सांगतात. कॅलेंडरशी तिचा काही संबंध नाही.

छोट्या आकारात राजा-स्वार रंगवायची कलाही इथे परकी नव्हे. सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवत आले: दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण 120 गोल पानं. चिंचोक्याच्या खळीवर बारीक कुंचल्याने राजा आणि प्रधान काढायचे, परशुरामाच्या पानांवर परशू मांडायचे, वरून लाखेचा हात. ही कला बुडत चालली होती. 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा कारागीर बसवले. तळहातावरच्या पानात घोड्याची आयाळ काढू शकणाऱ्या गावात वीतभर हेटकरी रंगवणं जड जाऊ नये.

तेव्हा जुनं चित्र हाती आलं तर ते ‘खऱ्या’ मावळ्यासारखं रंगवायचा मोह आवरावा. शाडूचं असेल तर पाणी लावूच नये, कच्ची माती विरघळते. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ काढावी. प्लॅस्टरचं असेल तर आमच्या खाऱ्या दमट हवेत त्याचे पोपडे सुटतात, म्हणून पावसाळ्यात हात लावू नये. आधी चांगलं वाळू द्यावं, मग जोडकाम करावं. तुटलेल्या भाल्याच्या जागी बारीक तार चालते. रंग उडाला असेल तेवढाच भरावा, उरलेला केशरी झगझगाट तसाच ठेवावा. तो चुकीचा असला तरी त्या चित्राचा आहे.

हेटकरी करायचा तो नव्या, कोऱ्या ओतकामावर. भाला छाटावा, सुरवारीची घडी कानसून मांडी उघडी करावी, कमरेला जाड पट्टा, मळकट पांढरं पागोटं. अंग उन्हात रापलेलं; गुलाबी रंगाची बाटली बंदच ठेवावी. बंदूक लांब हवी, जमिनीवर टेकवली तर खांद्याला लागेल एवढी. तोड्याची असेल तर कळीपाशी पेटती वात दाखवावी लागेल, लाल रंगाचा एक ठिपका. शिपाई सावंतवाडीचा असेल तर तो ठिपकाही नको, तिथे गारगोटी बसवावी.