शिवेवरचा दगड

इंग्लंडातील खेड्यांचा इतिहास पुष्कळदा तेथील चर्चच्या दप्तरांत सापडतो. एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या टापूला तिकडे पॅरिश म्हणतात. पॅरिशमधील प्रत्येक बाप्तिस्मा, विवाह आणि दफन धर्मगुरूने लिहून ठेवावे, असा दंडक १५३८ साली घातला गेला. अशा नोंदींतूनच ईम या लहानशा गावाची विलक्षण कहाणी उरली आहे.

ईम डर्बीशर परगण्यातील डोंगराळ मुलखात वसले आहे. तेथील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकातील कोरीव दगडी क्रूस आहे. १६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून गावातील एका शिंप्याकडे कापड आले आणि त्यातील पिसवांबरोबर प्लेग आला, असे परंपरा सांगते. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स हा सप्टेंबरात पहिला बळी ठरला. हिवाळ्यात साथ मंदावली. पुढल्या उन्हाळ्यात मात्र तिने उग्र रूप धारण केले.

धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन गावात नवखा होता. लोकांचा विश्वास होता तो टॉमस स्टॅन्ली या जुन्या धर्मगुरूवर; परंतु १६६२ चा प्रार्थनाविषयक कायदा न मानल्यामुळे त्याचे पद गेले होते. मतभेद बाजूस सारून या दोघांनी जून १६६६ मध्ये गावकऱ्यांना गळ घातली, की रोग बाहेर नेण्यापेक्षा शिवेच्या आत राहावे. चर्चचे दार बंद झाले. प्रार्थना जवळच्या दरीत, उघड्यावर, अंतर राखून होऊ लागली. मृतांना ज्याने त्याने आपल्याच शेतात किंवा परसात मूठमाती द्यावयाची, असे ठरले. चॅट्सवर्थहून डेव्हनशरचा अर्ल धान्य पाठवी. शिवेवरील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवीत. बाहेरचे लोक ती उचलून माल ठेवून जात.

सगळेच स्वखुशीने राहिले, असे मात्र नव्हे. काही सधन माणसे आधीच निघून गेली होती. मॉम्पेसननेही आपली दोन मुले यॉर्कशरला पाठविली होती. पत्नी कॅथरिन मात्र त्याच्याजवळ राहिली आणि ऑगस्टात प्लेगला बळी पडली. त्याच महिन्यात एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने पती आणि सहा मुले यांना आठ दिवसांत स्वतःच्या हातांनी पुरले.

नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ संपली, तेव्हा सुमारे २६० माणसे दगावली होती. ही लागण बव्हंशी माणसाकडून माणसाला झाली असावी, असे २०१६ मधील एका अभ्यासाने सुचविले. तसे असेल, तर चर्चचे दार लावण्यात केवळ भाबडी श्रद्धा नव्हती, व्यवहारी शहाणपणही होते. पण कोंडून घेतलेल्या घरांना त्याची जबर किंमत मोजावी लागली, हेही तितकेच खरे.

दर वर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी ईममध्ये या मृतांसाठी प्रार्थना होते. शिवेवरचा तो दगडही अद्याप जागेवर आहे; त्यावरचे खळगे आज कोरडे आहेत.