झ्युरिकचं जंगल, ब्रँडिसची बांबूची कांडी आणि शिरोलीतली माझी वही

माझे वडील शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर होते. फौंड्रीचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचा एखादा भाग ओतायचा असेल, तर धातू आकसण्याची सूट धरून आधी त्याचा नमुना तयार करतात. तो वाळूत दाबून काढला की साचा मिळतो. वडील हे नमुने सागवानात करायचे. शाळेत असताना मी विचारलं होतं, "सागवानच का?" ते म्हणाले, "साग वळत नाही बाळा. दुसरं लाकूड पावसाळ्यात फुगतंय, माप हुकतंय."

पुढे मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.साठी पुन्हा याच रस्त्यांवर आलो. विषय आहे एमआयडीसीतल्या रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर बसणारी धूळ. दुसऱ्या वर्षी मला झाडांची वयं हवी होती. एका कार्यालयात गेलो. किती रोपं लावली याचे आकडे मिळाले, पण कुठलं झाड कोणत्या वर्षीचं आणि त्यातली जगली किती, याची नोंद कुणाकडेच नव्हती. हेलपाट्यांत दोन महिने गेले. मी वैतागून मॅडमकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "नोंद ठेवायची पद्धत मुळात आली कुठून, ते वाचून ये."

ते वाचताना जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो. संशोधनाची तयारी करताना त्याचा उपयोग होईल.

सुरुवात सागापासूनच करावी लागते. १८५६ मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांवर डिट्रिच ब्रँडिस या जर्मन माणसाला नेमलं. हा वनाधिकारी म्हणून तयार झालेला माणूस नव्हता. बॉन विद्यापीठात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. जंगलात साग किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ब्रँडिस हत्तीवर बसून ठरावीक पट्ट्यांतून फिरला. झाडांचे जाडीनुसार गट पाडले, प्रत्येक गटाला बांबूची एक कांडी ठरवली, आणि झाड दिसलं की त्या कांडीवर चाकूने खाच पाडली. त्या पावसात कागद टिकला नसता. संध्याकाळी खाचा मोजल्या की दिवसाचा हिशेब तयार. आपण आज ज्याला नमुना सर्वेक्षण म्हणतो, ते याहून फार वेगळं नाही.

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचा पहिला वन महानिरीक्षक झाला. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली, तीही त्याच्याच प्रयत्नांतून. १८८३ मध्ये निवृत्त होऊन तो बॉनला परतला.

तिथे १८८९ मध्ये त्याला भेटायला गिफर्ड पिंशो नावाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन आला. येल विद्यापीठाची पदवी हातात होती आणि वनशास्त्र शिकायचं होतं, पण अमेरिकेत तेव्हा ते शिकायची सोय नव्हती. ब्रँडिसने त्याला आधी फ्रान्समधल्या नॅन्सीच्या वनशाळेत पाठवलं. नंतर, १८९० च्या वसंतात, स्वित्झर्लंडमधल्या सीलवाल्डला.

सीलवाल्ड हे झ्युरिक शहराच्या मालकीचं जंगल, क्षेत्र साधारण १,००० हेक्टर. राजाचं नाही, सरकारचं नाही, शहराचं. इथलं लाकूड सील नदीतून वाहत शहरात यायचं आणि लोकांच्या चुलीत जायचं. उल्रिच माइस्टर हा तिथला मुख्य वनाधिकारी. पिंशो त्याच्या हाताखाली काही आठवडे राहिला आणि पुस्तकातलं शास्त्र जमिनीवर कसं चालतं ते त्याने पाहिलं.

तत्त्व सोपं आहे. समजा झाड तोडणीला यायला १०० वर्षं लागतात. मग जंगलात एक वर्षापासून शंभर वर्षांपर्यंत सगळ्या वयांचे तुकडे असायला हवेत. दरवर्षी वाढ होईल तेवढंच काढायचं. जुनी झाडं एकदम तोडायची नाहीत. टप्प्याटप्प्याने विरळ करायची, म्हणजे त्यांच्याच सावलीत, त्यांच्याच बियांची रोपं उठतात. पण हे जमवायला आजोबांच्या पिढीतल्या माणसाने काय तोडलं, काय राखलं, हे नातवाच्या पिढीला कळलं पाहिजे. म्हणजे शंभर वर्षांचं जंगल चालवायचं तर शंभर वर्षांची वही हवी.

पिंशोने त्याच वर्षी 'गार्डन अँड फॉरेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकात सीलवाल्डवर लिहिलं. १९०५ मध्ये तो अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. पण इथेच थांबलात तर इतिहास अर्धाच वाचला असं होईल. मीही आधी तसाच वाचला होता.

मोजणीची हीच विद्या भारतातही चालली, पण इथे जंगल शहराचं किंवा गावाचं राहिलं नाही. १८७८ च्या वन कायद्याने मोठमोठी क्षेत्रं सरकारी राखीव झाली. गावांची वनं असावीत हा ब्रँडिसचा आग्रह होता. कायद्यात ग्रामवनांची तरतूदही झाली, पण ती बहुतेक कागदावरच राहिली. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याच्या मसुद्याला विरोध केला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले, कारण चराऊ रानं खात्यात गेल्यावर शेतकऱ्याच्या शेरडांना जागाच उरली नव्हती. मोजणी अचूक असली म्हणजे ती न्याय्य असतेच असं नाही. मोजलेलं कुणाच्या मालकीचं, वही कुणाच्या हातात आणि ती कुणाला बघता येते, हे प्रश्न पद्धतीइतकेच महत्त्वाचे आहेत. आपण सायन्सवाले ते "समाजशास्त्राचं काम" म्हणून बाजूला सारतो. मीही सारलं होतं.

आपल्याकडे सोयी नाहीत असं नाही. सांगली जिल्ह्यात कुंडलला वन अकादमी आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे. शहरी झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा आहे, आणि त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगितलंय. पण गणना म्हणजे त्या दिवशीचा आकडा. तेच झाड पुन्हा पुन्हा मोजत राहणं हे वेगळं काम आहे, आणि मला हवं होतं नेमकं ते.

शेवटी मी माझ्या अभ्यासाचा आराखडा बदलला. वयाचा रकाना काढून टाकला. धूळ आणि झाडाचं वय यांचा संबंध दाखवायचा होता, तो आता माझ्या प्रबंधात नसेल. वाईट वाटलं, पण अंदाजाने वय लिहिणं मला पटलं नाही. त्याऐवजी प्रत्येक झाडाला क्रमांक दिला, जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर मोजला, जागा नकाशावर टिपली आणि तारीख घातली. फौंड्रीच्या गेटवरचे वॉचमनकाका आता टेप धरायला येतात. एक झाड मध्येच तुटलं, तेही वहीत लिहिलंय. मेलेल्या झाडाची नोंद खोडायची नसते.

तर तयारी करताना तीन गोष्टी करा. विषय पक्का करण्याआधी जुन्या नोंदी खरोखर आहेत का, हे स्वतः जाऊन बघा. "मिळतील" या शब्दावर विसंबू नका. तुमची मोजायची पद्धत कुणी, कशासाठी आणि कुणाच्या सोयीने तयार केली, ते वाचा. आणि तुमची वही अशी लिहा की तुम्ही नसताना दुसऱ्याला ती उघडून तेच झाड सापडेल.

सीलवाल्डमध्ये २००० सालापासून लाकूडतोड बंद आहे. जंगल आता आपलं आपण वाढतंय. शिकवणाऱ्या जंगलाचा उद्देशही बदलतो. पण आधी काय होतं ते लिहिलेलं असलं, तरच काय बदललं ते सांगता येतं.

वडिलांना वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी दोन पानं बघितली आणि म्हणाले, "टेप सैल धरू नको. माप हुकलं की सगळं हुकतंय."