शाळा सुटल्यानंतरची शाळा

आम्हा रेल्वेवाल्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. वाघीण यार्डात रिकामी उभी राहिली की तोटा सुरू झाला. शाळेच्या इमारतीचेही तसेच आहे. लोकांच्या पैशाने बांधलेली ही वास्तू दुपारनंतर कुलूपबंद का असावी?

अमेरिकेतील फ्लिंट या शहरात हा प्रश्न १९३५ साली विचारला गेला. जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर जगणारे हे गाव मंदीत होरपळले होते. मुलांना खेळायला सुरक्षित जागा नव्हती. शाळांमधील शारीरिक शिक्षणाचे काम पाहणारे फ्रँक मॅनली यांनी उद्योगपती चार्ल्स स्टुअर्ट मॉट यांना ही अडचण पटवून दिली. मॉट प्रतिष्ठानने ६,००० डॉलर दिले आणि पाच शाळा संध्याकाळीही उघड्या राहू लागल्या.

नुसत्या खेळाने भागत नाही, हे लवकरच कळले. मुले आजारी, घरे अडचणीत. मग आरोग्य तपासणी आली, शिक्षक घरोघरी जाऊ लागले, प्रौढांसाठी वर्ग निघाले. पुढे शाळाशाळांतून या कामासाठी खास संचालक नेमले गेले आणि योजना शहरभर पसरली. १९७४ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक शाळांसाठी कायदा केला.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळा वस्तीशी घट्ट बांधली गेली आणि वस्त्या वर्णानुसार विभागलेल्या होत्या. त्यामुळे काळी आणि गोरी मुले वेगळ्या शाळांतच राहिली. सर्वांसाठी म्हणून उघडलेले दार प्रत्यक्षात वस्तीपुरतेच उघडले. पुढे कारखाने बंद पडत गेले, तशी शाळांनाही उतरती कळा लागली.

न्यूयॉर्कने २०१४ मध्ये हीच कल्पना ४५ शाळांपासून पुन्हा सुरू केली. थोड्याच वर्षांत ही संख्या २०० च्या पुढे गेली. रँड संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार मुलांची हजेरी सुधारली. वाचनात मात्र ठळक फरक दिसला नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तालमीसाठी, मुलांच्या मराठी वर्गासाठी जागा शोधताना किती वणवण करावी लागते, हे वेगळे सांगायला नको. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. पण दिवे, झाडलोट आणि किल्ली यांची जबाबदारी घेणारा एक माणूस आधी ठरवावा. आणि वर्ग सुरू झाला, की शेजारच्या अमराठी मुलांनाही त्यात जरूर बोलवावे.